सैल पडलेली प्लेट

जिवाणू उचलायच्या तारेचं टोक प्लेटमधल्या जेलीत आत बुडालं. खरं तर ते वरून हलकेच सरकायला हवं होतं. गेली बावीस वर्षं ते तसंच सरकत आलं होतं, इतकं की ते काम आता तिचा हात आपापलं करायचा आणि डोकं दुसरीकडेच असायचं. मुलीच्या दातांच्या डॉक्टरांची वेळ कधीची आहे, गच्चीवरचे कपडे कुणी काढले असतील का, असल्या गोष्टींत. पण आज तार बुडाली आणि बुडाली त्या जागी पाण्याचा थेंब वर आला. तिने प्लेट खिडकीच्या उजेडात धरून तिरकी केली, तर तापलेल्या दुधावरची साय सरकावी तसा आतला थर एका कडेला सरकला. "अगं बाई!" ती म्हणाली, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की प्लेटा ओतणाऱ्या काकांनी परत घोळ केला. दुसरा विचार यायला दोन-तीन सेकंदच लागले असतील, पण ते सेकंद पुढे दिवसभर तिच्या अंगाला चिकटून राहिले. कारण काकांची नोकरी संपून तीन वर्षं होत आली होती. ही प्लेट कंपनीकडून आलेली होती, यंत्राने ओतलेली, वीस-वीसच्या पिशवीत बंद, पिशवीवर तारीख आणि वेळसुद्धा छापलेली.

शेजारच्या टेबलावरची तिची विद्यार्थिनी मान वर न करताच म्हणाली, "मॅडम, काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली. आणि मग तिने ते केलं जे कुणीही शहाण्या माणसाने केलं असतं. त्याच पिशवीतल्या, अजून काही न पेरलेल्या तीन प्लेटा काढल्या आणि बोटाने दाबून पाहिल्या. दगडासारख्या घट्ट. मग सैल पडलेल्यांपैकी एकीवर आयोडीन ओतलं. कडेकडेचा भाग गडद तपकिरी झाला आणि मधे, जिथे तिने तो समुद्रातला जिवाणू पेरला होता, तिथे फिकट, पिवळट, वाटीच्या बुडाएवढा डाग तसाच राहिला. म्हणजे तिथे आयोडीनला धरायला काही उरलंच नव्हतं. विद्यार्थिनी आता उठून तिच्या खांद्यामागे येऊन उभी होती. "मॅडम, हा तर प्लेटच खातोय!" ती पोरगी अशी ओरडली की पलीकडच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. हो, प्लेटच खातोय. प्लेटमधली ती जेली आगरची असते, आणि आगर म्हणजे तरी काय, समुद्रातल्या लाल शेवाळाची साखर. साखरेच्या कड्या एकमेकींत अडकवून केलेली लांबच लांब साखळी. ती जिवाणूच्या तोंडात मावत नाही, म्हणून तो आधी आपले कातरणारे रस बाहेर सोडतो, साखळीचे बारीक तुकडे पाडतो, आणि मग एकेक तुकडा आत ओढून घेतो. सगळ्या पुस्तकांत आहे हे. ती स्वतः दर वर्षी नव्या मुलांना शिकवते. शेवाळाच्या साखरा कोण खातं हे शोधण्यात तिचं सगळं आयुष्य चाललं होतं. त्यासाठी ती प्लेटवर या शेवाळाची साखर पसरून बघ, त्या शेवाळाची पसरून बघ, असं करत होती, आणि खाली अंथरलेली साखर मात्र तिच्या हिशेबी कधी साखर नव्हतीच. ती नुसती भुई होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आधी आनंद झाला, खोटं कशाला बोला. नुसतं आगर खाणारे पुष्कळ असतात, ते आपल्याभोवती छोटासा खड्डा करून गप बसतात. हा असा होता की पातळ पडद्यासारखा सगळीकडे पसरायचा, ठिपका म्हणून दिसायचाच नाही, आणि दोन दिवसांत अख्ख्या प्लेटचं पाणी करून टाकायचा. इतकी खादाड जात तिच्या हाताला कधी लागली नव्हती. पुढच्या लेखाचं पहिलं वाक्यसुद्धा तयार झालं. आणि त्या वाक्यात नमुन्याचा क्रमांक घालायचा म्हणून तिने जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. नमुना तोच होता, थंड पाण्यातल्या खडकावरून खरवडून आणलेला, तीन वर्षं खोल गोठवून ठेवलेला, मागच्या आठवड्यात पुन्हा बाहेर काढलेला. वहीत तिच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "प्लेटा सैल. ओतणाऱ्याची चूक. फेकल्या." पान उलटलं, पुन्हा तेच. बोट ठेवून मोजलं तर अकरा वेळा. अकराही वेळा हाच नमुना. बाकीच्या सगळ्या नमुन्यांच्या प्लेटा ठणठणीत होत्या, त्याच दिवशी, त्याच माणसाने, त्याच भांड्यातून ओतलेल्या. हे एका पानावर समोरासमोर लिहिलेलं होतं आणि लिहिणारीला दिसलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी म्हण आहे आपल्यात. इथे तर संन्याशाला फाशी देऊन वर तिने त्याच्या निरोपाला पुष्पगुच्छ आणला होता.

प्लेटवाले काका म्हणजे त्या संस्थेतलं जुनं खोड. डिग्री नाही, पण सव्वीस वर्षं तिथे जी जी प्लेट वापरली गेली ती त्यांच्या हातची. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, आगर तोलायचे, समुद्राचं पाणी गाळायचे, भांडी वाफेत ठेवायचे आणि मग गाल भांड्याला लावता येईल इतकं निवलं की ओतायला घ्यायचे. थर्मामीटर होता, पण गालच खरा. एका हाताने झाकण तिरकं, दुसऱ्या हाताने ओतणं, मनगटाला एक बारीक गिरकी, की जेली कडेपर्यंत सारखी पसरायची, बुडबुडा नाही. दहा-दहाच्या चळती पालथ्या लावून ठेवायच्या आणि प्रत्येक चळतीतली एक उचलून अंगठ्याने कलती करून बघायची. हसून म्हणायचे, "वर तुमची हुशारी, खाली माझी भुई." एकदा खरोखर त्यांच्याकडून आगर घालायचंच राहिलं होतं. फार जुनी गोष्ट. तेव्हा स्वतःच येऊन सांगितलं होतं, "मॅडम, आज सूप केलंय, प्यायला या," आणि दोघं पोट धरून हसले होते. आणि पुढे जेव्हा तक्रार लिहायची वेळ आली तेव्हा तिने नेमकं तेच लिहिलं, की यापूर्वीही असा प्रकार घडला आहे. त्यांनी स्वतःहून हसत सांगितलेलं. शिवाय त्यांच्या हाताला तेव्हा थोडा कंप यायला लागला होता, कप बशीवर ठेवताना आवाज व्हायचा. माणूस समोर होता, हात थरथरत होता, मग जिवाणूकडे कशाला कोण बघतंय! तिने त्यांना बोलावून अगदी हळुवारपणे सांगितलं होतं. त्या हळुवारपणाचा तिला पुढे कितीतरी दिवस अभिमान वाटत असे. "काका, वय झालं की होतं असं. मनाला लावून घेऊ नका." ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "मी तोलूनच घालतो हो मॅडम." आणि मुदतीच्या दोन वर्षं आधीच गेले.

दुपारी ती विभागप्रमुखांकडे गेली. सर आयोडीनची प्लेट पाहून खुर्चीतून अर्धे उठले. "वा! किती दिवसांत लिहून होईल?" ती म्हणाली, "सर, हा तोच नमुना आहे. काकांच्या वेळचा. काकांची चूक नव्हती ती." सरांना क्षणभर काका म्हणजे कोण ते लक्षात येईना. मग आलं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "अहो, आता कशाला जुनी मढी उकरताय? ते आरामात असतील घरी. तुम्ही लेखाचं बघा." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "आणि तुमच्याही दृष्टीने बरं नाही ते. तीन वर्षांपूर्वी हातात होतं आणि फेकलंत, हे जगाला ओरडून सांगायचंय का?" यात खोटं काहीच नव्हतं, तीच पंचाईत होती. वही तिची, अक्षर तिचं, कपाटाची किल्लीही तिच्याच कमरेच्या पिशवीत. मूग गिळून बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती बाहेर आली आणि जिन्यात उगाचच थांबून राहिली. वर जावं की खाली, कळेना. नवऱ्याला फोन लावला. तो शाळेत शिकवतो, मधली सुट्टी होती, मागे पोरांचा गलका. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग जाऊन सॉरी म्हण आणि मोकळी हो. फळं-बिळं घेऊन जा." "फळं?" "रिकाम्या हाताने जाणार का?" तिने फोन ठेवला.

फळं म्हटल्याबरोबर तिला बूट आठवले. तिच्या मोठ्या भावाचे, तपकिरी, कोरे, दाराच्या आत नीट जोडीने ठेवलेले. ती आठ वर्षांची होती. बाबांचं घड्याळ हरवलं होतं आणि बाबांनी दादाला मारलं होतं, कारण आदल्याच आठवड्यात दादाने घड्याळाला हात लावला होता. पट्ट्याने नव्हे, हातानेच, पण खूप. चार दिवसांनी घड्याळ बाबांच्याच जुन्या कोटाच्या अस्तरात सापडलं. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी बूट आणले. दादाने ते बूट घातले, त्या बुटांनी चावून त्याच्या टाचांना फोड आले, पण घातले. तिला त्या वयातही कळलं होतं की हे बूट बाबांनी दादासाठी आणलेले नाहीत, स्वतःसाठी आणलेत. आज पन्नाशीला टेकलेला दादा बाबांबद्दल बोलताना अजून मधेच गप्प होतो. आणि हीच ती बाबांची लेक, जिने पुष्पगुच्छ आणला होता. नाही, फळं नकोत. काहीच नको. तिने एक सैल प्लेट कडेने पट्टी लावून बंद केली, तीन पिशव्यांत घातली आणि पर्समध्ये ठेवली. नियमात बसत नव्हतं ते. पण तोंडाने सांगून कुणाला पटणार? कामगारांच्या जुन्या यादीतून पत्ता घेतला आणि ती निघाली.

बसमध्ये जागा होती तरी ती उभी राहिली. पर्स पोटाशी धरली होती, आणि तिला सारखं वाटत होतं की आत तो खातोच आहे, आत्ता, या क्षणी, बस वळते आहे आणि तो एकेक कडी तोडतो आहे. त्याचं काय चुकलं? त्याला जे मिळालं ते तो खातो, अंथरूण आहे की ताट हे तो विचारत नाही. विचारायचं तर हिने होतं. बाहेर दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या, चष्म्यांचं दुकान, किल्ल्या करून देणारा, गाद्यांचं दुकान. मनात वाक्यं जुळत होती आणि मोडत होती. काका, एक आनंदाची बातमी आहे. छे. काका, तुमची माफी मागायला आले. नाटकी. काका, एक गैरसमज झाला होता. झाला होता! जणू पाऊस झाला होता. तिला स्वतःचाच राग आला, इतका की एक स्टॉप आधीच उतरली आणि उरलेलं अंतर भराभर चालत गेली. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, बाईचं काहीतरी हरवलंय.

दार काकूंनी उघडलं. तिला ओळखलं, आणि ओळखून आत या म्हणाल्या नाहीत. "घरात आहेत का काका?" "घरातच असतात ते. आता कुठे जाणार?" आतून काकांचा आवाज आला, "कोण आहे गं?" तेव्हा कुठे त्या बाजूला झाल्या. खोली लहान, स्वच्छ. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर, एकावर एक. ते धडपडत उठले, "मॅडम! तुम्ही? बसा, बसा," आणि चेहरा असा खुलला की तिला वाटलं आल्यापावली परत जावं. जमिनीवर दीड-दोन वर्षांचा नातू डबे एकमेकांवर रचत बसला होता. सून-मुलगा कामावर. तिने बसल्याबसल्याच सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता, एका दमात, बसमधलं एकही वाक्य न वापरता. की तो जिवाणू प्लेटच खातो. की प्लेटा त्यांनी बरोबरच ओतल्या होत्या, अकराही वेळा. की चूक तिची होती, निव्वळ तिची, आणि त्या चुकीपायी त्यांची नोकरी गेली.

काका मान हलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "किती लांबून आलात हो उन्हाची." मग खालच्या आवाजात, समजूत घालावी तसे, "मॅडम, तुम्ही मनाच्या चांगल्या आहात. पण हात माझाच गेला होता. मला कळत होतं ना. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका." "नाही काका, खरंच..." "अहो, मी काय नावं ठेवतोय का तुम्हाला? तुम्ही किती सांभाळून बोललात तेव्हा. दुसरं कुणी असतं तर चार लोकांत बोललं असतं."

"ऐका, ऐका त्यांचं!" काकू दारातूनच म्हणाल्या. त्या इतका वेळ उभ्याच होत्या. "तीन वर्षं हेच ऐकतेय मी. हात गेला, हात गेला. डॉक्टर म्हणाले, थोडा कंप आहे, वयाचा आहे, काही नाही. पण मॅडम म्हणाल्या ना! मग डॉक्टर कोण लागून गेला? चहा स्वतः गाळून घेत नाहीत. सही करायची तर मुलाला पुढे करतात. आणि हा," त्यांनी नातवाकडे बोट केलं, "हा जन्मल्यापासून एकदा उचलून घेतला नाही त्यांनी. एकदा. माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणतात. पोरगं हात वर करून उभं राहतं यांच्यासमोर आणि हे खिडकीबाहेर बघतात." "अगं, असू दे," काका म्हणाले. "का असू दे? बाई, तोंडाने आलात, चांगलं केलंत. पण काढलं तेव्हा कागदावर काढलंत. आता हेही कागदावर द्या." "सोमवारी देते," ती म्हणाली. "सोमवार कशाला? आज काय हात मोडलाय?" काकूंनी मुलाच्या टेबलावरून वही आणून तिच्यापुढे टाकली. तिने लिहिलं. संस्थेच्या नावाने, विभागप्रमुखांच्या नावाने, अकरा तारखा आठवत होत्या तेवढ्या घालून, बाकीच्या वहीत आहेत असं नमूद करून. सही केली. काकूंनी तो कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला, ओठ हलवत, आणि पदरात लपवावा तसा छातीशी धरून आत नेऊन ठेवला.

काकांना ते सगळं बघवत नव्हतं. "मॅडमच्या नोकरीचं काय होईल, काही कळतं का तुला?" ते आत बघून पुटपुटले. मग तिला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून असेल, म्हणाले, "ती प्लेट आणलीत म्हणालात ना. बघू तरी." तिने पिशव्या सोडून प्लेट त्यांच्याकडे दिली. ती हातात येताच त्यांची पाठ सरळ झाली. झाकणाकडून धरली नाही, बुडाकडून धरली. उजेडात नेली, अंगठ्याने कलती केली. थर सरकला. त्यांनी जिभेने च्यक् केलं. "पाणी झालंय पार. कुणी ओतलेली?" "कंपनीची आहे. यंत्राने ओततात." "मग कंपनीला कळवलंत का, माल खराब आला म्हणून?" "नाही." "का बरं?" तो त्यांचा जुना, कामातला आवाज होता, आणि ती त्या आवाजाला साधं, कामातलं उत्तर देऊन बसली. "त्याच पिशवीतल्या न पेरलेल्या प्लेटा बघितल्या ना मी. त्या घट्ट होत्या."

काकांनी प्लेट हळूहळू सरळ केली. "न पेरलेल्या बघितल्यात," ते म्हणाले. "लगेच बघितल्यात?" "हो." नातवाचा डबा पडला, गडगडत कपाटाखाली गेला. कुणी बघितलं नाही. काका प्लेटकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते आल्यापासूनचं अगत्य, ते सांभाळून घेणं, हळूहळू निघून चाललं होतं. त्यांना पटत होतं. तिच्या शपथा, माफी, कागद, कशानेही नाही, पण या एका गोष्टीने पटत होतं, आणि तिला ते समोर दिसत होतं. तिला वाटलं होतं, पटलं की बरं होईल.

"मीही आणल्या होत्या तेव्हा," काका म्हणाले. "त्याच भांड्यातल्या, न पेरलेल्या. चार होत्या. घट्ट. तुमच्या टेबलावर ठेवल्या होत्या, डाव्या हाताला. वर चिठ्ठी चिकटवली होती, दाबून बघा म्हणून. तुम्ही मीटिंगमध्ये होतात." टेबलाची डावी बाजू तिला लख्ख दिसली. एक छोटी चळत. कपाखाली काहीतरी हवं म्हणून तिने तिच्यावर कॉफीचा कप ठेवला होता. दोन दिवस ठेवत होती. मग झाडणारी येऊन टेबल आवरून गेली होती.

"बघितल्या नव्हत्यात ना तुम्ही?"

"नाही, काका."

त्यांनी मान डोलावली. प्लेट तिच्या हातात परत दिली, जपून, बुडाकडून धरून, आणि द्यायला पुढे केलेला त्यांचा हात थरथरत होता. काकू आतून येऊन दारात थांबल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता, तिच्याकडेही न बघता काका म्हणाले, "आता तुम्ही जा, मॅडम."